डिस्चार्जच्या प्रोजेक्टमध्ये घड्याळ नेमकं कुठून सुरू करायचं?

मिरजेची_वैद्य
नमस्कार. बीएएमएस करून गावाकडे थोडी प्रॅक्टिस केली, आता हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या मास्टर्सला आहे. दुसरं सेमिस्टर. ऑपरेशन्सच्या पेपरसाठी प्रत्यक्ष हॉस्पिटलात बसून प्रोजेक्ट करायचाय. शंभरेक खाटांचं खाजगी हॉस्पिटल मिळालं आणि मी विषय घेतला 'डिस्चार्जला लागणारा वेळ'. वाटलं, वेळाच तर मांडायच्यात.

आता झालंय असं, की वॉर्डातल्या रजिस्टरवरून काढलं तर सरासरी साडेपाच तास येते आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरवरून दीड तास. पेशंट तेच, दिवस तेच! मेट्रन म्हणतात आमचं खरं, बिलिंगवाले म्हणतात आमचं खरं. कारण विचारलं की मात्र सगळे एका सुरात टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीकडे, बोट दाखवतात. गाईड सर म्हणाले, "फिशबोन काढा, डोनाबेडियनचं स्ट्रक्चर-प्रोसेस-आउटकम टाका, होऊन जाईल." (फिशबोन म्हणजे माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती, डोनाबेडियनचा तो दर्जा तपासायचा साचा.) पण आकडाच ठरत नाही तर फिशबोनला काय लटकवू? निष्कर्षात टीपीए लिहून मोकळी होऊ का? आणि जनआरोग्य योजनेचे पेशंट यात धरायचे की वेगळे?

जुनी_सिस्टर
अगं, दोन्ही आकडे खरे आहेत. बिलिंगचं घड्याळ फाईल काउंटरवर आली की सुरू होतं आणि पैसे भरले की थांबतं. वॉर्डाचं सुरू होतं डॉक्टर राऊंडला "आज घरी" म्हणाले की, आणि थांबतं पेशंट वॉर्डाबाहेर पडला की. मधले चार तास कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाहीत. तुझा प्रोजेक्ट तिथेच आहे.

मी अर्धं आयुष्य वॉर्डात काढलं, मग हाच कोर्स नोकरी सांभाळून केला, आता पुण्यात ऑपरेशन्स बघते. एका फाईलची गोष्ट सांगते. हर्नियाचं ऑपरेशन, कॅशलेस. १०:१० ला सरांनी फाईलवर डिस्चार्ज लिहिलं आणि ओपीडीला गेले. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आयसीयूत अडकलेला, डिस्चार्ज समरी टाईप झाली ११:४० ला. सही सरांचीच लागते आणि सर तोवर ओटीत. सही १:०५. मग उरलेली औषधं परत करायला मावशी पिशवी घेऊन खाली फार्मसीत. तिथे रांग, त्यात एका इंजेक्शनचा बॅच नंबर बिलाशी जुळेना. १:५० ला ते मिटलं. बिल होऊन टीपीएला मेल गेला २:१५ ला, मंजुरी आली ४:२० ला. नातेवाईक टीपीए डेस्कवरच्या पोरीवर ओरडले. टीपीएने दोन तास खाल्ले हे खरं, पण आधीचे चार आपल्याच घरचे होते. टीपीएच्या नावाने खडे फोडणं सोयीचं असतं, कारण तो समोर उभा नसतो.

आयआरडीएआय, म्हणजे विम्याची नियामक संस्था, तिच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी लागते. उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा. पण हे तीन तास हॉस्पिटलची विनंती पोचल्यापासून मोजायचे, राऊंडपासून नाही. म्हणून पोर्टलवरची किंवा मेलची पाठवल्याची वेळ घे, मग कोण किती पाण्यात आहे ते कळेल.

रजिस्टरवर मात्र विसंबू नकोस. शिफ्ट संपताना सिस्टर सगळ्या वेळा एकदम भरतात. आम्हीही तेच करायचो, दुसऱ्या हाताला सलाईन असतं. नीट बघ, सगळ्या वेळा ११:००, ११:३०, १२:०० अशाच दिसतील. त्यापेक्षा थोड्याच फाईली घे, पण त्यांच्या मागे स्वतः फिर. राऊंड, समरीवर सही, औषधं परत, बिल तयार, टीपीएला पाठवलं, मंजुरी, गेट पास, एवढ्या वेळा टिप. फिशबोन सगळ्यात शेवटी.

जनआरोग्यचे पेशंट वेगळे काढ. तिथे पॅकेज असतं, पेशंटच्या हातात आयटमवार बिल द्यायचं नसतं. पण आरोग्यमित्राकडची (योजनेचा हॉस्पिटलातला माणूस) कागदं, दहा दिवसांची औषधं, परतीच्या प्रवासाचे पैसे यात वेळ जातो. रोखवाले तिसरे. तिघांची एकत्र सरासरी काढलीस तर ती कुणाचीच नसेल.

आकडेमोड
सरासरीऐवजी मीडियन काढा, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधली. दोन-तीन फाईली टीपीएच्या क्वेरीत (जादा विचारणेत) अडकून रात्री आठपर्यंत लांबल्या की सरासरी बिघडते. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेले आणि मृत्यू झालेले पेशंट यादीतून बाजूला ठेवा. रविवारही घ्या, त्या दिवशी बहुतेक कन्सल्टंट उशिरा येतात.

बिलिंग_काउंटर_नाशिक
ताई, तुमचं सगळं मान्य, पण आमची बाजूही ऐका. सकाळी दहा ते अकरात सगळ्या कन्सल्टंटचे राऊंड, म्हणून बारा-साडेबाराला फाईलींचा गठ्ठा एकदमच येतो आणि काउंटर दोनच. तोवर आम्ही बसून असतो हे कुणी लिहीत नाही. वर लोक म्हणतात बिल आधी तयार ठेवा. ठेवतो की! पण फिजिओची व्हिजिट, ओटीतलं जाळीचं पाकीट, रक्ताच्या पिशवीचा आकार, हे वॉर्डातून सॉफ्टवेअरला चढतंच शेवटच्या दिवशी. बिल लवकर बंद केलं तर ते पैसे बुडतात आणि मालक आम्हाला विचारतात. वैद्य मॅडम, तुमच्या तक्त्यात 'शेवटचा चार्ज कधी चढला' हा एक रकाना वाढवा.

जुनी_सिस्टर
हा रकाना नक्की टाक, माझ्या यादीत राहिला होता. आणि उपाय सुचवताना 'मनुष्यबळ वाढवा' लिहू नकोस, प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तेच असतं. उद्या कोण जाणार हे बहुतेकदा आदल्या संध्याकाळच्या राऊंडलाच ठाऊक असतं. कच्ची समरी आणि औषधं परत ही दोन कामं तेव्हाच उरकता येतात.

मिरजेची_वैद्य
सगळ्यांचे आभार. फाईलींच्या मागे फिरायला लागले. औषधं परत करण्यात एवढा वेळ जातो हे कुणीच बोललं नव्हतं, वॉर्डातल्या मामांनाच माहीत होतं.

एक नवीनच पेच. काल एका आजींचं सगळं दुपारी दोनला झालं, गेट पाससुद्धा. पण मुलगा जतहून आलेला, म्हणाला, "आज अमावास्या, आज नेत नाही. उद्याचं भाडं भरतो." आजी खाटेवर तशाच. ही वेळ कुठे धरू?

जुनी_सिस्टर
डिस्चार्जची वेळ गेट पासला बंद कर, शेरा लिही आणि पुढचे तास वेगळ्या रकान्यात टाक. ऑक्युपन्सीत मात्र आजी धराव्याच लागतील, रात्री बाराच्या मोजणीला खाट भरलेलीच होती. आणि रजिस्टरचे फोटो काढणार असशील तर आधी मेट्रनना विचार, पेशंटची नावं झाकून घे.