बेसबाहेरची पब्लिक शाळा
वरती विचारलंय की अमेरिकेत मिलिटरीतल्या बदलीनंतर मुलांना बेसबाहेरच्या (लष्करी तळाबाहेरच्या) पब्लिक एलिमेंटरीत, म्हणजे सरकारी प्राथमिक शाळेत घालावं का, आणि बरेच जण रेटिंग बघा म्हणतायत. मला तरी रेटिंगपेक्षा त्या शाळेला मिलिटरीतल्या मुलांची सवय आहे का हे जास्त महत्त्वाचं वाटतं. आत्ताच्या शाळेत नवरा डिप्लॉय झाल्यावर, म्हणजे ड्युटीवर दूर पाठवल्यावर, टीचरनी स्वतःहून मुलीला काउन्सेलरशी जोडून दिलं, फार आधार वाटला. त्याआधीच्या शाळेत मात्र वर्षाच्या मधे आली म्हणून टेस्ट न घेताच सगळ्यात खालच्या रीडिंग ग्रुपमधे टाकलेलं, त्याचा अजून राग येतो, लेकरू वाचायलाच कंटाळायला लागलं होतं हो.

आणि हे नक्की लक्षात ठेवा, मिलिटरीतल्या मुलांच्या शाळेसाठी इंटरस्टेट कॉम्पॅक्ट, म्हणजे राज्याराज्यांमधला करार आहे, ५०ही राज्यांत लागू आहे. जुन्या शाळेचे ऑफिशियल रेकॉर्ड यायच्या आधीच अ‍ॅडमिशन द्यावी लागते, राहिलेल्या लसींना ३० दिवस मिळतात, आयईपी (खास गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला शिक्षणाचा प्लॅन) असेल तर तशाच सोयी सुरुवातीपासून द्यायच्या, आणि किंडरगार्टन सुरू झालेलं असेल तर नव्या राज्याची वयाची अट वेगळी म्हणून मागे बसवता येत नाही. ऑफिसमधल्या बाईंना बरेचदा हे माहितीच नसतं, मग वाद घालत बसू नका, बेसवरच्या स्कूल लिएझनना (मिलिटरी कुटुंबांना शाळेच्या कामात मदत करणाऱ्यांना) फोन करा, त्याचे पैसे लागत नाहीत.