सबप्राइम कार्डं बंद केली तर क्रेडिट स्कोअर पडतो का? (अमेरिका)

नवाजर्सीकर:
क्रेडिट हिस्टरी नव्हती तेव्हा घेतलेली दोन सबप्राइम (क्रेडिट नसलेल्यांना किंवा खराब असलेल्यांना मिळणारी महाग) कार्डं आहेत. एकाचं लिमिट ३०० डॉलर, दुसऱ्याचं ५००. आता ४,००० लिमिटचं बिनफीचं कार्ड मिळालंय. ३०० वाल्याला पहिल्या वर्षी ७५ डॉलर फी होती, दुसऱ्या वर्षापासून ४८ वार्षिक आणि शिवाय दरमहा ८. ५०० वाल्याला फी नाही, व्याज मात्र ३५%. दोन्ही माझी सगळ्यात जुनी खाती. बंद केली तर स्कोअर घसरेल का? चार महिन्यांनी कार लोन घ्यायचंय.

हिशेबनीस:
जुनेपणाची भीती सोडा. वेळेवर फेडलेलं खातं बंद केल्यावरही रिपोर्टवर साधारण १० वर्षं राहतं आणि तोवर फायको (बँका सर्रास बघतात तो क्रेडिट स्कोअर) त्याचं वय मोजतच राहतो. व्हँटेजस्कोअर हा दुसरा स्कोअर काही बंद खाती वयात धरत नाही, त्यामुळे क्रेडिट कर्मासारख्या फुकट ॲपवर आकडा जास्त खाली दिसला तर दचकू नका. कार लोनवाले बहुतेक फायकोच बघतात.

खरा परिणाम होतो तो युटिलायझेशनवर, म्हणजे एकूण लिमिटपैकी किती टक्के वापरलंय त्यावर. फायकोत तुमच्यावर असलेल्या देण्याला सुमारे ३०% वजन आहे. आज तुमचं एकूण लिमिट ४,८००. स्टेटमेंटवर १,२०० दिसत असतील तर वापर २५%. दोन्ही कार्डं गेली की तेच १,२०० चार हजारांवर, म्हणजे ३०%. उपाय सोपा आहे: ड्यू डेटची वाट न बघता स्टेटमेंट निघायच्या दोन-चार दिवस आधी पैसे भरा. २०० शिल्लक दाखवली तर ५% होतात. ब्यूरोकडे (क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांकडे) सहसा स्टेटमेंटचाच आकडा जातो.

कायदेवाचक:
७५ हा आकडा उगाच आलेला नाही. २००९ च्या कार्ड ॲक्टनुसार पहिल्या वर्षातली फी सुरुवातीच्या लिमिटच्या २५% पेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ३०० चे २५% बरोबर ७५. वर्ष संपलं की ही मर्यादा उठते, म्हणून मासिक फी दुसऱ्या वर्षी उगवते. ४८ अधिक ९६ म्हणजे ३०० च्या लिमिटसाठी वर्षाला १४४ डॉलर! हे कार्ड ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पुढची वार्षिक फी लागायच्या आत बंद करा. खातं बंद करण्याची फी घेणं नियमात बसत नाही, कुणी मागितली तर देऊ नका.

५०० वालं मात्र राहू द्या. पूर्ण बिल भरत असाल तर ३५% चा त्रास नाही, फक्त ॲग्रीमेंटमध्ये ग्रेस पिरियड (बिल भरेपर्यंतची बिनव्याजी मुदत) आहे ना ते बघा. काही सबप्राइम कार्डांना तो नसतो, मग खरेदीच्या दिवसापासूनच व्याज चढतं. दोन-तीन महिन्यांतून एखादी छोटी खरेदी करा, नाहीतर वापर नाही म्हणून बँकच खातं बंद करते.

नवाजर्सीकर:
धन्यवाद. ३०० वालं बंद करताना काय सांभाळायचं?

हिशेबनीस:
लोक फसतात ते उरलेल्या व्याजात. आधीची बाकी पुढे ओढलेली असेल तर स्टेटमेंटपासून पैसे पोचेपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. तुम्ही खातं संपलं समजून बघतच नाही, त्या तीन-चार डॉलरवर लेट फी लागते, आणि ३० दिवस उलटले की उशिराची नोंद ब्यूरोकडे जाते. ती ७ वर्षं राहते. कार्ड बंद केल्यापेक्षा हे कितीतरी महाग पडतं.

म्हणून आधी त्या कार्डावरची सबस्क्रिप्शन्स दुसरीकडे हलवा. मग बाकी शून्य करा, फोन करून आजचा पेऑफ आकडा (व्याजासकट पूर्ण फेडायची रक्कम) विचारा आणि बंद केल्याचं लेखी मागा. पुढची दोन स्टेटमेंटं बघितल्याशिवाय ऑनलाइन लॉगिन सोडू नका. जास्त पैसे भरले गेले असतील तर लेखी मागणी करा, सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यावे लागतात.

महिना-दीड महिन्याने ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही ब्यूरोंचे रिपोर्ट काढा, दर आठवड्याला फुकट मिळतात. 'ग्राहकाच्या विनंतीवरून बंद' आणि बाकी शून्य, एवढं दिसलं पाहिजे. चुकीचं असेल तर त्याच ब्यूरोकडे डिस्प्यूट (चुकीची तक्रार) टाका, साधारण ३० दिवसांत तपासून कळवावं लागतं. कार लोनला चार महिने आहेत, तेव्हा हे आत्ताच उरका.