यारकंदचं 'पूल' नाणं

वर प्रश्न आलाय की मधे भोक नाही, म्हणजे हे तांब्याचं नाणं यारकंदचं (आजच्या चीनच्या शिनजियांगमधलं शहर) कसं? उलट म्हणूनच ते जुनं यारकंदी वाटतं. भोकाची ओतीव नाणी तिथे आली ती १७५९ मध्ये चीनच्या चिंग राजवटीच्या सैन्याने शहर घेतल्यावर. १७६० मध्ये टांकसाळ निघाली. त्याआधी चालायचं ते ठोकीव नाणं, 'पूल': लहान, जाडजूड, बहुधा एका बाजूला निमुळतं. आपल्या शिवराईसारखंच यावरही ठसा कधीच पुरता बसत नाही, त्यामुळे अर्धी अक्षरं गायब.

तेव्हा शहराचा कारभार स्थानिक ख्वाजांकडे (सूफी धर्मगुरूंची घराणी) आणि खंडणी झुंगारांना (पश्चिम मंगोलांचं राज्य), असा दुहेरी मामला होता. नाण्यावरही तेच दिसतं: एका बाजूला झुंगार राजा त्सेवांग रब्तान (१६९७–१७२७) किंवा गाल्दान त्सेरेनचं (१७२७–४५) नाव, दुसऱ्या बाजूला अरबी लिपीत 'जर्ब यारकंद', म्हणजे यारकंदला पाडलेलं. माझ्या मते खरी मजा ही दुसरी बाजूच. मालक बदलला तरी शहराचं नाव कायम.

चिंगांनी हे पूल गोळा करून वितळवले आणि त्याच तांब्यातून नवी नाणी ओतली. तांबं जवळपास शुद्ध, म्हणून जुनी-नवी दोन्ही लालसर दिसतात. तेव्हा फोटोसोबत वजन आणि जाडीही टाका, नुसत्या रंगावरून काही ठरणार नाही.