तुमच्या संसारात नेमके काय ठरले होते?

गेल्या महिन्यात भाचीचे लग्न ठरले आणि साखरपुड्यानंतर तिने मला बाजूला घेऊन विचारले, "मावशी, तुमचं काकांशी इतकी वर्षं कसं जमलं?" मी सवयीने "एकमेकांना समजून घ्यायचं गं" असे म्हणाले आणि घरी परतताना बसमध्ये माझी मलाच लाज वाटली, कारण ते उत्तर नव्हते, आहेराच्या पाकिटावर छापतात तसले वाक्य होते. म्हणून मराठवाड्यातल्या सर्वांना ही विनंती आहे की, तडजोड, विश्वास, प्रेम हे शब्द थोडे बाजूला ठेवावेत आणि तुमच्या घरात खरोखर ठरलेली, पाळलेली एखादी गोष्ट सांगावी.

सुरुवात माझ्यापासून करते. आम्ही परभणीचे, लग्नाला 27 वर्षे झाली. आम्हा दोघांनाही अबोला धरण्याची खोड होती आणि एकदा तो नऊ दिवस चालला. त्यानंतर असे ठरले की, भांडण कितीही मोठे असो, संध्याकाळचा चहा ओसरीवर एकत्रच घ्यायचा. बोललो नाही तरी चालेल, पण उठून जायचे नाही. ज्याची चूक त्याने चहा करावा, असे आधी ठरले होते, परंतु चूक कोणाची यावर एकमत होईना, तेव्हा वार वाटून घ्यावे लागले.

औसा तालुका, वय 56

माझे आणि यांचे, दोघांचेही हे दुसरे लग्न आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी बाळंतपणासाठी माहेरी होते, म्हणून वाचले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून माणसे उशिरा झोपली होती आणि पहाटे चारच्या आत दगडमातीच्या जाड भिंती व वरचे माळवद अंगावर आले. सासरचे कोणीही राहिले नाही. यांची पहिली पत्नी आणि मुलगी गेली. चार वर्षांचा मुलगा तेवढा ढिगाऱ्यातून निघाला. दोन वर्षांनी आमच्या वडीलधाऱ्यांनी सोयरीक जुळवली, तेव्हा माझ्या कडेवर माझी मुलगी होती.

पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडला त्या दिवशी सासूबाईंनी यांच्या पहिल्या पत्नीचा फोटो माझ्यासमोर नको म्हणून पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला होता. आठवडाभराने तो मला सापडला आणि मी तो देवळीजवळ लावला, कारण मुलाला आई दिसायला हवी होती. त्याने मला आई म्हणावे असा आग्रह आम्ही कोणी धरला नाही; तो मला आजही मावशीच म्हणतो आणि त्याची बायको मात्र आई म्हणते. कितीतरी महिने रात्री रस्त्याने नुसता ट्रक गेला तरी मी दचकून उठून बसत असे. हे काहीही न विचारता कंदिलाची वात मोठी करीत आणि मला पुन्हा झोप लागेपर्यंत जागे राहत.

आमच्यात ठरलेली गोष्ट एकच आहे: गेलेल्यांविषयी बोलायला बंदी नाही. पहिल्या वर्षी यांनी मला विचारले, "त्यांना काय आवडायचं?" मी सांगितले, उकडलेल्या ओल्या शेंगा. तेव्हापासून दर 30 सप्टेंबरला हे स्वतः रानात जाऊन भुईमुगाचे डहाळे उपटून आणतात आणि दोन पाने वाढली जातात, एक यांच्या पहिल्या मंडळींचे आणि एक माझ्या पहिल्या मालकांचे. गावातल्या काही बायकांना ते विचित्र वाटते. वाटू द्यावे.

(ताई, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. पुढच्या मंडळींनी दडपण न घेता लिहावे. – धागाकर्ती)

लातूर शहर, वय 44

आमची गोष्ट छोटी आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते वर्ष. बायको पाणी फार सांडते असा माझा ठाम समज होता. तिने महिनाभर भांडी माझ्याकडे दिली. समज गेला, भांडी मात्र माझ्याकडेच राहिली.

बीड जिल्हा, शिक्षक

आईवडिलांविषयी लिहितो. दोघांनी बावीस वर्षे ऊसतोड केली. या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या हिशेबाने मिळते. काम दोघांचे असले तरी उचल घेतात पुरुष, आणि ती किती होती व किती फिटली हे पुष्कळ बायांना हंगाम संपेपर्यंत कळतही नाही. आमच्याकडेही पहिली काही वर्षे तसेच होते. एका वर्षी दादांनी उचलीतला बराच पैसा भावकीच्या लग्नात घातला आणि पट्टी पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, अंगावर बाकी निघाली. आईने आरडाओरडा केला नाही. पुढच्या दसऱ्याला मुकादम आला तेव्हा ती येऊन सतरंजीवर दादांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अर्धा कोयता माझा हाय, रक्कम माझ्याम्होरं मोजा." लोक हसले, दादा हसले नाहीत, थोडे सरकून त्यांनी तिला नीट जागा करून दिली. तेव्हापासून फडावर रोज रात्री कोपीत (झोपडीत) चुलीच्या उजेडात मी दुसरी-तिसरीच्या वहीत मोळ्यांचा आकडा लिहीत असे, आणि वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेला पैसा आईच्या बटव्यात जात असे. त्यानंतरही त्यांची भांडणे झाली, पण पैशावरून झालेली मला आठवत नाहीत.

नांदेड, नोकरदार

"सोसले म्हणून टिकले" असे येथे कोणी लिहू नये, अशी माझी विनंती आहे. 2011 मध्ये दोन वर्षांच्या मुलीला घेऊन मी भावाकडे आले व अकरा महिने राहिले. बैठकीत सगळे मला नांदायला जा म्हणत होते. वडील एवढेच म्हणाले की, जावयाने मध्यस्थ न पाठवता स्वतः यावे. तो आला. हात उचलणार नाही आणि माझा पगार माझ्या खात्यात राहील, या दोन गोष्टी त्याने सर्वांसमक्ष मान्य केल्या व पाळल्या. तसे झाले नसते तर मी परतले नसते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने बाईला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, हे तेव्हा ठाऊक असते तर घर मीच का सोडले असते, हा प्रश्न मला अजून पडतो.

जालना जिल्हा, शेतकरी

वरचा अनुभव वाचून लिहायला धीर आला. आमची सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. पेरणी, खुरपणी, रास करणे यांत माझ्याइतकेच, खरे तर जास्त, काम ती करते. तरी पीककर्जाला सही माझी आणि सातबाऱ्यावर नाव माझे. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केल्यास त्याच्या हयातीतच बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लागते, हे मला एका सभेत कळले. भावाने वेड्यात काढले, तलाठी कार्यालयात तीन चकरा झाल्या, पण फेरफार मंजूर झाला. मोठ्या कौतुकाने उतारा आणून मी तिच्या हातात ठेवला. तिने चष्मा लावला, बोट ठेवून ओळ वाचली आणि म्हणाली, "माझ्या नावापुढं वडलांचं नाव लावलंय का तुमचं, ते राहू द्या, पण माझ्या नावात एक काना जास्तीचा पडलाय. उद्या जाऊन आधी तो काढून आणा."

गेलो. चौथी चकर.