साडेतीन लाखात जुनी डिझेल डस्टर: घ्यावी का?

गोदाकाठ_नांदेड:
आमच्याकडं सध्या जो उठतो तो 2014-15 ची रेनो कंपनीची डस्टर बघायलाय. 205 मिमी ग्राउंड क्लिअरन्स, पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतापर्यंत जाती, हे मान्य. पण गाडीच्या किमतीवर दुरुस्तीसाठी वेगळे लाखभर नसतील तर हात लावू नका. त्या 1.5 लिटर डिझेल इंजिनला टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन अन वॉल्वचा मेळ ठेवणारा पट्टा असतो, चेन नाही. बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या वॉल्वला धडकतो, वॉल्व वाकतात, इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड उतरवावं लागतं, अन जे काम वॉटर पंपासगट दहा-पंधरा हजारात होतं ते पन्नास हजाराच्या पुढं जातं. विकणाऱ्याला बेल्टचं बिल मागा, दहातले आठ जण म्हणतात "गाडीला हातच लावायचं काम नाही".

लातूर_डिझेल:
दादा उगं भीती घालायलेत. बेल्ट बदलणं म्हणजे खराबी नाही, मेंटेनन्स हाय. बिल नसलं तर घेतल्या घेतल्या बेल्ट, टेन्शनर, पंप, ऑइल, सगळे फिल्टर बदला, तेवढे पैसे सौद्यातच कमी करून घ्या, विषय संपला. सात-आठ लाखाची नवी छोटी गाडी घेऊन पाच वर्षं हप्ते भरायचे, अन ती पांदीत खाली घासणार, हे शेतकऱ्याला परवडतंय का सांगा.

मिस्त्री_परभणी:
गाडी बघायला सकाळी जावा अन आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकानं अगोदरच चालू करून ठेवलीय, परत दुसऱ्या दिवशी जावा. थंड इंजिन चालू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, तिथून भसाभसा धूर मारत असंल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, सौदा सोडा. कुलंटच्या डब्यात तेलकट साय दिसली तरी सोडा. लोअर आर्म, बुश, लिंक रॉड हे चाकाखालचे सस्पेन्शनचे पार्ट तर आपल्या रस्त्यावर जाणारच, आठ-बारा हजार धरून चाला, त्याला भिऊ नका. भ्यायचं क्लचला. ज्या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं क्लचमागचं दोन भागांचं जड चाक) हाय तिथं क्लचसंगट तेबी गेलं तर बिल दुप्पट-तिप्पट होतंय.

बीडचा_पेट्रोलवाला:
सगळे डिझेल-डिझेल करायलेत, रोजचं फिरणं किती ते कोणीच विचारीना! घर ते शाळा ते मोंढा एवढंच असंल तर डिझेल कशाला? अन जुनी नको म्हणून 2020 नंतरची दुसरी कुठली बीएस6 (नव्या प्रदूषण नियमाची) डिझेल घ्यायला जाताल तर तिला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, गावातल्या गावात फिरवून तो चोकअप होतो कारण काजळी जाळायला इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. शिवाय ही जुनी डस्टर इथं 2022 ला बंद झाली, अन तिच्याऐवजी जुनी फोर्ड बघताल तर फोर्डनं 2021 मध्येच भारतात गाड्या बनवायचं थांबवत असल्याचं जाहीर केलं. फिल्टर, ब्रेक पॅड कुठंबी मिळतील, पण हेडलाइट फुटला तर संभाजीनगरहून मागवा नाहीतर पुण्याला फोन लावत बसा.

लातूर_डिझेल:
रोज शंभर किलोमीटर ज्याचं हाय त्याला पेट्रोल सांगू नका. पार्ट थोडा उशिरा येतो एवढंच.

गोदाकाठ_नांदेड:
घरात एकच गाडी असंल अन रात्री म्हाताऱ्या माणसाला घेऊन दवाखान्यात निघायचं असंल तर "थोडा उशिरा" चालत नाही भाऊ. मिस्त्रींनी सांगितलं तसं बघूनच घ्या, बेल्टचं बिल नसंल तर दारातून गाडी फिटरकडंच न्या. अन आरसी नावावर करताना इन्शुरन्सबी 14 दिवसांत नावावर करायला टाका, ते राहिलं तर ॲक्सिडेंटच्या क्लेमला अडवतात.