टेस्ट लॅपटॉपवर पास, सीआयवर फेल, तारीख एक दिवस सरकतेय

मुलुंडकर:
मंडळी जरा मदत हवीय. सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांसाठी जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी लिहिलीय, तिमाही कधी सुरू होते, पैसे भरायची शेवटची तारीख कुठली, एवढंच काढून देते. आता शेजारच्या दोन सोसायट्यांनाही हवीय म्हणून टेस्ट लिहायला घेतल्या, जेस्ट (टेस्ट चालवायचं टूल) टाकलं, स्नॅपशॉट घेतले (म्हणजे कोडचं पहिलं उत्तर साठवून पुढची उत्तरं त्याच्याशी ताडायची), लॅपटॉपवर सगळं हिरवं. गिटहबवर पुश केलं की तिथल्या सीआयमध्ये (कोड आला की टेस्ट आपोआप चालवणारी सोय) चार टेस्ट लाल. स्नॅपशॉटमध्ये ३१ मार्च आहे आणि तिथे येतंय १ एप्रिल. कोड तोच, नोडचं व्हर्जन तेच. दोन रात्री गेल्या यात.

शेवटची_लोकल:
टाइमझोन. गिटहबच्या रनरचं, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या मशीनचं, घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतं, आपण साडेपाच तास पुढे. जेस्टच्या ग्लोबल सेटअपमध्ये टीझेड हे एन्व्ह व्हेरिएबल (प्रोग्रॅमला टाइमझोन सांगणारं सेटिंग) एशिया/कोलकाता करून टाक, दोन्हीकडे सारखं येईल.

चाळीतला_कोडर:
मित्रा थांब, नुसतं एवढंच करू नकोस. हिरवं होईल पण चूक आत तशीच राहील. तिमाही १ एप्रिललाच सुरू होते ना? मग सीआय बरोबर सांगतंय, चुकतोय तुझा लॅपटॉप. तू बहुतेक न्यू डेटला २०२४, ३, १ दिलंस (महिने शून्यापासून, म्हणून ३ म्हणजे एप्रिल) आणि त्यावर टू-आयएसओ-स्ट्रिंग लावून पहिली दहा अक्षरं कापलीस. ती तारीख बनते आपल्याकडच्या मध्यरात्रीची, आणि टू-आयएसओ-स्ट्रिंग ती यूटीसीत सांगतं, तिथे तेव्हा ३१ मार्चच्या संध्याकाळचे साडेसहा. गेला एक दिवस. वापरणारे सगळे मुंबईतले, म्हणजे प्रत्येक बिलावर चुकीची तारीख छापली गेली असती.
गेट-फुल-इयर, गेट-मंथ, गेट-डेट घेऊन स्ट्रिंग जोड, महिन्यात १ मिळवायला विसरू नकोस. आणि तारखांसाठी स्नॅपशॉट नकोच, कोडने पहिल्यांदा जे दिलं तेच तो जपून ठेवतो, बरोबर की चूक त्याला काय कळणार. भिंतीवरचं कॅलेंडर समोर ठेवून अपेक्षित तारखा हाताने लिही. मग त्याच टेस्ट कोलकाता, यूटीसी आणि न्यूयॉर्क अशा तिन्ही टाइमझोनमध्ये चालव.

मुलुंडकर:
अगदी तीच ओळ होती दादा! बदलली, २९ फेब्रुवारी आणि ३१ डिसेंबरच्या टेस्टही हाताने लिहिल्या, तिन्हीकडे पास. खूप आभार, हे बिलांवर गेलं असतं तर लोकांना लेट फी लागली असती. फक्त सोसायटीच्या ऑफिसात विंडोजचा पीसी आहे, तिथे कमांडच्या आधी टीझेड लिहिलं की एरर येतो.

शेवटची_लोकल:
वरचं माझं उत्तर अर्धवट होतं, सॉरी. विंडोजला ती पद्धत कळत नाही, क्रॉस-एन्व्ह हे पॅकेज डेव्ह डिपेंडन्सीत (फक्त डेव्हलपमेंटला लागणाऱ्या पॅकेजांची यादी) टाक आणि स्क्रिप्टमध्ये टीझेडच्या आधी त्याचं नाव लिही, मॅकवरही तीच स्क्रिप्ट चालते.