माती ही कार्बनची तिजोरी की नुसतं चालू खातं?

ढेकूळ: हवेतल्या कार्बनचा विषय निघाला की सगळे झाडं मोजायला लागतात. पायाखाली बघतंय कोण? जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरण आणि झाडंझुडपं यांची बेरीज केली तरी तेवढी भरत नाही. शेती सुरू झाल्यापासून शंभर अब्ज टनांहून जास्त आपण गमावला, असा अंदाज आहे. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत फ्रान्सने 'हजारी चार'ची टूम काढली: मातीतला कार्बन दरवर्षी ०.४ टक्क्यांनी वाढवायचा. मला पटते.

तिरकस: ऐकायला गोड आहे. पाचोळा पडला की जिवाणू-बुरशी त्यावर ताव मारतात आणि बहुतेक कार्बन परत हवेत सोडतात. जो मुरतो त्यालाही नायट्रोजन लागतो, कार्बनच्या टनामागे ऐंशीएक किलो. तो कुठून आणणार?

ढेकूळ: हवेतला नायट्रोजन मातीत आणणारी द्विदल पिकं कशाला आहेत मग?

गाळ: दोघांच्या मध्ये पडतो. चिकणमातीच्या कणांना चिकटलेला कार्बन शेकडो वर्षं टिकू शकतो, वाळूत ती सोय नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. दरवर्षी शेणखत पडलेल्या तुकड्यात कार्बन बिनखताच्या तुकड्याच्या दुपटीवर गेला. पण वाढ पहिल्या काही दशकांतली, नंतर रेंगाळली.

तिरकस: तेच म्हणतोय, भांडं भरतं. आणि मोजणार कसं? एका हेक्टरात ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत साधारण ४,००० टन माती. एक टक्का कार्बन धरा, ४० टन. त्याचे हजारी चार म्हणजे १६० किलो! दोन पावलांवरच्या नमुन्यांत याहून जास्त फरक येतो. आणि या १६० किलोंच्या भरवशावर कुणीतरी कार्बन क्रेडिट, म्हणजे साठवलेल्या कार्बनच्या बदल्यात धूर सोडायची मुभा, घेऊन कोळसा जाळणार.

ढेकूळ: क्रेडिटचा बाजार मलाही नकोय. पण एक करून बघा. दोन पेले पाणी घ्या. एकात सतत नांगरलेल्या रानातलं वाळकं ढेकूळ सोडा, दुसऱ्यात शेजारच्या गवताखालचं. पहिलं बघता बघता फुटून पाणी गढूळ होतं. दुसरं, सेंद्रिय कार्बनने बांधलेलं, बुडबुडे सोडत तसंच बसून राहतं.

तिरकस: छान. त्याने धूप थांबेल, पाणी मुरेल. तापमानवाढ थांबेल असं कुठे दिसलं पेल्यात?

गाळ: आणि उत्तरेकडची कायम गोठलेली जमीन, जिच्यात कार्बनचा प्रचंड साठा आहे, ती वितळायला लागलीय. त्याला ना शेणखत, ना द्विदल. त्याचं काय करायचं?